चुकलेला शॉट घरी न्यायचा नाही

माझा हात बिघडला तेव्हा त्याची कारणं लोकांनी आपापसात वाटून घेतली. माहेरी जळगावात म्हणाले, लग्न केलं आणि पोरीचं लक्ष उडालं. सासरी धुळ्यात म्हणाले, माहेर सुटलं तसा सराव सुटला. माझ्या मावशीची खात्री होती की मला दिवस गेलेत आणि मी लपवतेय. एका पत्रकाराने तर मला पावडर टाकून पिकवलेल्या केळ्याची उपमा दिली, वेळेआधी पिवळं आणि वेळेआधी काळं. जळगावचाच होता, त्याला दुसरं काय सुचणार?

मी पूल खेळते, बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ. विशी ओलांडायच्या आत राष्ट्रीय विजेती झाले. त्यानंतर काही वर्षं परदेशातल्या व्यावसायिक स्पर्धा खेळले, जिंकलेही. मग हरायला लागले, आणि अशी हरायला लागले की समोरच्या खेळाडूलाच माझ्याकडे बघवत नसे. माणूस लवकर वर गेला की खाली येतोच, असं लोक हवामान सांगावं तसं सांगायचे. कोणीही, अगदी कोणीही, "तुझ्या हाताला नेमकं काय होतं?" असं विचारलं नाही. सगळे "का होतं" ते सांगायला टपलेले.

हे मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. हात, मान, बोटं, आवाज, जे काही तुमचं ऐकेनासं झालं असेल आणि घरचे त्याला मनाचा खेळ म्हणत असतील, तर तुमच्यासाठी लिहितेय. राग आला तर येऊ द्या. मला अजून येतो.

भाकरी थापताना कसं होत नाही?

पहिल्यांदा झालं ते एका स्पर्धेत, अगदी सोप्या शॉटवर. वाकले, नेम धरला, क्यू, म्हणजे खेळायची काठी, दोनदा मागेपुढे नेला. सगळं नेहमीसारखं. आणि पांढऱ्या चेंडूला टोक लागायच्या क्षणी हात असा उडाला की कोणीतरी मागून कोपर ओढलं असं वाटून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

नंतर ते वाढत गेलं. पण फक्त टेबलावर आणि फक्त शेवटच्या धक्क्याला. सही करताना हात स्थिर, सुईत दोरा ओवताना स्थिर. माझा नवरा प्रशांत धुळ्यातच, देवपूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माणूस भला, पण मास्तर. तो एकदा जेवताना म्हणाला, "भाकरी थापताना होत नाही, मग टेबलावरच कसं होतं? हाताला कसं कळतं तू कुठे आहेस ते?" प्रश्न बरोबर होता, पण त्याने तो उत्तर म्हणून विचारला होता. मी ताटावरून उठले.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे फोटो काढला, फोटो स्वच्छ निघाला. मग ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि प्रशांतशी बोलायला लागले. "टेन्शन घेतात ह्या. एक मूल होऊ द्या, सगळं मार्गी लागेल." माझ्या मनगटाचा फोटो दिव्यावर लावून हा माणूस माझ्या पोटाबद्दल बोलत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. प्रशांत "हो, हो" करत होता. रस्त्यात मी त्याला विचारलं, हो काय? तर म्हणाला, "डॉक्टरांशी वाद कशाला घालायचा." त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी मिठापुरतंच बोललो.

नाना

शेवटी प्रशांतने मला जळगावला नानांकडे सोडलं.

नाना म्हणजे माझे गुरू. आमच्या हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला वडिलांनी त्यांना भाड्याने दिला होता, तिथे त्यांचं पूल पार्लर. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा शाळेतून आलेली मी वर जाऊन बसायचे. मुलींनी जायची ती जागा नव्हती. नानांनी मला हाकललं नाही, उलट हातात क्यू दिला. तरुणपणी ते राज्यात पहिले आलेले. लवकरच खेळणं सोडून शिकवायला लागले, शिकवण्याचीच गोडी लागली म्हणायचे. मी त्यांना कधी खेळताना पाहिलं नाही. ते चेंडू हाताने उचलून जागेवर ठेवायचे, बोटाने रेघ दाखवायचे आणि बाजूला उभे राहायचे.

त्यांचे दोन नियम होते आणि ते भिंतीवर रंगवलेले होते. एक, टेबलावर हात मोकळे. अंगठी, घड्याळ, बांगडी, गंडादोरा काही नको. वाजतं, चेंडूला लागतं, फाऊल होतो. दोन, चुकलेला शॉट घरी न्यायचा नाही. जो चुकला तो पुन्हा मांडायचा आणि जाईपर्यंत मारायचा. या दोन नियमांनी मला घडवलं हे खरं आहे. मला पुरतं मोडलंही त्यांनीच.

गेल्या गेल्या नानांनी सरळ रेषेतला एक शॉट मांडला. शिकाऊ पोरंही घालतात असा. हात उडाला. त्यांनी चेंडू परत ठेवला. पुन्हा उडाला. पुन्हा ठेवला. दुपारची संध्याकाळ झाली, गिऱ्हाइकं आली, आपापली टेबलं सोडून आमच्याभोवती गोळा झाली. जितकं मारत होते तितका हात अधिक उडत होता. आधी टोकाला उडायचा, तो आता क्यू मागे नेतानाच थरथरायला लागला. हे मी तेव्हाच सांगितलं, ओरडून सांगितलं, "नाना, मारल्याने वाढतंय!"

नाना एरवी शहरातलं मराठी बोलायचे. संतापले की त्यांची अहिराणी वर यायची. सगळ्यांसमोर म्हणाले, "हात नही बिघडना तुना. मन बिघडनं शे."

आणि चेंडू परत ठेवला.

असं मी दोन महिने केलं. रोज. धुळ्याला परतले तेव्हा नेम धरून उभं राहिलं तरी घाम फुटायचा. स्पर्धांमधून नाव काढून घेतलं. प्रशांतने माझ्यासाठी कुठल्यातरी बंद पडलेल्या पार्लरचं जुनं टेबल आणून घरामागच्या शेडमध्ये बसवलं होतं, लग्नातली भेट म्हणून. त्यावर सासूबाईंनी चादर टाकली आणि वाळलेल्या बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे, ढीग रचले. विचारलंही नाही. मीही काही बोलले नाही, आणि न बोलल्याचा राग मला कितीतरी दिवस छळत राहिला.

बांगड्या

अमळनेरला प्रशांतच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. कासारीण घरी आली आणि घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरून गेली. माझ्या लग्नातला चुडा सोडला तर मी आयुष्यात कधी हातभर बांगड्या घातल्या नव्हत्या, नानांचा नियम अंगात मुरलेला. पण लग्नघरात कोण ऐकतंय? तिने माझा पंजा दाबून दाबून अशा घट्ट बसवल्या की साबणाशिवाय निघू नयेत.

परत आल्यावर एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी शेडमध्ये गेले आणि बिबडे उचलून खाली ठेवले. का, ते विचारू नका. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते. तसंच बांगड्यांसकट वाकले आणि मारला.

हात उडाला नाही.

चेंडू सरळ पॉकेटात गेला. मी दुसरा मांडला, तोही गेला. तिसरा, चौथा. बांगड्या खळखळत होत्या आणि चेंडू जात होते, मी एकटीच मोठमोठ्याने रडत होते. तेवढ्यात सासूबाई भाजी घेऊन आल्या. त्या साक्रीकडच्या खेड्यातल्या, घरात अहिराणीच बोलतात. पिशवी तिथेच टाकून त्यांनी माझा हात धरला. "देख! बांगड्या भऱ्यात ना, हात कसा नीट चाली ऱ्हायना!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. शेजारच्या वहिनी आल्या, समोरच्या काकू आल्या. सवाष्णीच्या हाताला बांगडी नको का, हात रुसणार नाही तर काय. काकूंनी मला माझ्याच अंगणात उभं राहून देवीची ओटी भरायचा सल्ला दिला. म्हणजे इतकी वर्षं मी उघड्या हाताने खेळून जिंकले तो अपघात, आणि हरले ती शिक्षा! मी न्हाणीत गेले, साबण लावला आणि ओढून ओढून सगळ्या काढल्या. एक कडकन गेली आणि रक्त आलं. "फुटली!" मी ओरडले. दाराबाहेरून सासूबाई हळूच म्हणाल्या, "फुटनी नको म्हनू माय. वाढनी म्हन."

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हाताने खेळून पाहिलं. हात उडाला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांना वाटलं देव कोपला, मला वाटलं मी वेडी झाले. हा आजार असू शकतो हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. पण दोघींनी जे पाहिलं होतं ते खरं होतं.

काठी घेऊन आत जाता येणार नाही

मेंदूच्या डॉक्टरांचं नाव प्रशांतच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. त्या नाशिकहून दर बुधवारी जळगावच्या एका इस्पितळात यायच्या. फोनवर त्यांच्या माणसाने सांगितलं, जे करताना त्रास होतो ती वस्तू घेऊन या. मी एसटीत क्यूचं खोकं मांडीवर घेऊन बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. प्रशांतला आणि मला, दोघांनाही वाटत होतं की आता मनाच्या डॉक्टरकडे पाठवतील.

इस्पितळाच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. "काठी घेऊन आत जाता येणार नाही." मी म्हटलं ही काठी नाही, हा माझा आजार आहे. त्याला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्याने सोडलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी मला तपासणीच्या खाटेजवळ वाकायला लावलं आणि हवेत क्यू चालवायला सांगितलं. हात स्थिर. प्रशांतने सुस्कारा टाकला, मला त्याचा गळा धरावासा वाटला. मग बाई म्हणाल्या, "चेंडू आणलाय?" आणला होता. त्यांनी तो खाटेवर ठेवला, मागे उशी लावली. "आता मारा."

हात उडाला. चेंडू खाटेवरून पडून कपाटाखाली गेला. बाई स्वतः वाकून तो काढून आल्या, परत ठेवला. मला वाटलं, ह्याही नानांसारख्या. पण त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या दंडावर बोटं ठेवून उभ्या होत्या. "परत. बस. आता नको." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला चुकलेल्या शॉटवर थांबवत होतं.

"असं कधी झालंय का, की झटका आलाच नाही?"

मी चेंडू पुसायला लागले. सांगितलं असतं तर इथेही ओटी भरायला लावली असती. शेवटी प्रशांत म्हणाला, "बांगड्या घातल्या होत्या तेव्हा."

मी डोळे मिटले. आणि बाई चक्क टेबलावर हात मारून म्हणाल्या, "वा! हे आधी सांगायचं ना!"

आजाराचं नाव डिस्टोनिया. एकच हालचाल आयुष्यभर अतोनात केली की काही जणांच्या मेंदूत त्या हालचालीची आज्ञा बिघडते. बाकीचा हात ठणठणीत राहतो. म्हणून भाकरी नीट थापली जाते. मनगटाला कशाचा तरी स्पर्श असला तर मेंदूला थोडा आधार मिळतो आणि झटका थांबतो, निदान काही काळ. बांगडीच लागते असं नाही. घड्याळ चाललं असतं, चिकटपट्टी चालली असती, दोराही चालला असता. आणि सराव? बाईंनी माझे दोन महिने ऐकले आणि कपाळाला हात लावला. "पाटीवरचं अक्षर बिघडलं म्हणून तुम्ही तेच गिरवत बसलात. आणखी बिघडणारच ना."

मला वाटलं होतं, आजाराचं नाव कळलं की हायसं वाटेल. नाही वाटलं. मला इतका संताप आला की खुर्चीत बसवेना. नानांच्या पहिल्या नियमाने माझा एकमेव आधार काढून घेतला होता आणि दुसऱ्याने आजार वाढवला होता. मी बाहेर येऊन इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसले. प्रशांत शेजारी बसला आणि म्हणाला, "हाताला खरंच कळत होतं, तू कुठे आहेस ते." मग त्याने माफी मागितली. मी लगेच केलं नाही माफ. एरंडोलपर्यंत वेळ लागला.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग हिरमुसून म्हणाल्या, "आते काय करू? बठ्ठी गल्लीले सांगी दिधं मी." सगळ्या गल्लीला! पण दुसऱ्या दिवशी टेबलावरचे बिबडे नव्हते. टेबलावर प्रशांतच्या जुन्या मोज्याचं तोंड कापून, कडा शिवून केलेला, मनगटात घालायचा पट्टा होता. "हाई घाल," त्या म्हणाल्या. "वाजनार बी नही."

मंगलाबाईंचं बोट

उपचार म्हणजे दर काही महिन्यांनी दंडात स्नायू ढिला करणाऱ्या औषधाच्या बारीक सुया, रोज थोडे व्यायाम आणि खेळायला सक्त मर्यादा. सुया दुखतात. त्यानंतर काही दिवस हात असा ढिला पडतो की पाण्याचा तांब्या निसटतो. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आपण आणखी बिघडलो असं वाटतं. ते जातं.

सुयांच्या दिवशी रांगेत चोपड्याच्या पलीकडच्या, सातपुड्याखालच्या गावातल्या मंगलाबाई भेटल्या. त्या हनुवटीला एक बोट लावून बसायच्या, विचारात असल्यासारख्या. मी विचारलं. "बोट लावं का मान सरळ ऱ्हास," त्या म्हणाल्या आणि दाखवायला बोट काढलं. मान हळूहळू वळत खांद्याला टेकली. गावात त्यांना वर्षानुवर्षं देव्हाऱ्यापुढे बसवलं होतं, झाडूने मारलंही होतं. "लोके म्हनतस अंगमा येस. मी म्हनस, येस ते येऊ द्या, पन मान ते दुखस ना मनी!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्सने डोळे वटारले. त्या हसण्याने मला औषधाइतकंच बरं वाटलं. माझं निदान व्हायला केळ्याच्या उपमा ऐकाव्या लागल्या, ह्या बाईला झाडू खावा लागला. तिच्या एका बोटात सगळं निदान होतं आणि कोणाला ते बघायचं नव्हतं.

नानांकडे

बरी झाले का? पूर्ण नाही, होईन असंही नाही. पट्टा कधी लागू पडतो, कधी नाही. मग जागा बदलायची, थोडा वर, थोडा खाली. स्पर्धा पुन्हा खेळते, छोट्या. पहिल्या फेरीत हरतेही. आता हरले की फक्त हरलेली असते.

मागच्या सुयांनंतर हाताला जोर आला तेव्हा मी एका दुपारी नानांच्या पार्लरमध्ये गेले. भांडायलाच गेले होते. नाना थकलेत. त्यांनी आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"ते काढ."

"नाही काढणार."

"नियम आहे."

"तुमचा आहे."

मी आजाराचं सगळं सांगितलं, एका दमात. ते ऐकत होते की नव्हते कळेना. चेंडू मांडत होते. मी खेळायला लागले. तीन-चार चेंडू छान गेले, आणि मग एक अगदी सोपा, सरळ रेषेतला, चुकला. नानांनी सवयीने पुढे होऊन तो उचलला आणि परत त्याच जागी ठेवला. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं हाच हात चेंडू ठेवताना पाहिला होता, आणि क्यू धरताना एकदाही नाही.

"नाना, तुमचा कुठे उडायचा? कोपरातून की मनगटातून?"

 ते टेबलाच्या कडेवरची धूळ पुसायला लागले.

"मनगटातून," नाना म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही असेल, पण आधी अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसाला ठाऊक होतं. कोणीतरी त्यांना मन बिघडलं म्हणालं असणार, त्यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं असणार, स्वतःला त्याच टेबलाला जुंपलं असणार, आणि मग तेच भिंतीवर रंगवून आम्हा सगळ्यांना पाजलं.

"बुधवारी डॉक्टरीणबाई येतात," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता. "क्यू घेऊन जायचं. चेंडूही न्यायचा. दारात अडवतील, तरी जायचं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे. चेंडू अजून टेबलावर होता, मांडलेला, माझी वाट बघत.

मी क्यूचे दोन भाग सोडवले आणि खोक्यात ठेवले.

"अगं, शॉट?" नाना म्हणाले.

"घरी नेतेय," मी म्हटलं, आणि जिना उतरले.